ओरिजिनलसारखं वाजव रे!

गेल्या शनिवारी कॉलेजचा जुना कंपू बऱ्याच दिवसांनी जमला. ठिकाण: कोथरूडमधल्या एका मित्राच्या बिल्डिंगची गच्ची. मधल्या काळात दोघांची लग्नं झाली, एक जण ऑनसाइट जाऊन परत आला आणि एकाच्या डोक्यावरचे केस जवळजवळ संपले (मी नाही. अजून तरी नाही). गप्पा नेहमीच्याच. अप्रेझल, ईएमआय, कोण कुठल्या कंपनीत उडी मारतंय. मग कुणीतरी गिटार काढली, माझ्या हातात दिली आणि फर्माईश सोडली, "नॉकिन ऑन हेवन्स डोअर!"

सगळ्यांनी आमच्या जुन्या रूममेटकडे बघितलं. तो हसला आणि "पाणी घेऊन येतो" म्हणून उठला. तो का उठला ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

सांगतो.

सेकंड इयरला आमचा एक बँड होता. म्हणजे चार पोरं, दोन गिटार, उसना ड्रमसेट आणि अमाप आत्मविश्वास. मी लीड गिटार, रूममेट गायक. त्याचा आवाज लहान, थोडा खर्जातला, पण सुराला एकदम पक्का. घरी आजीबरोबर भजनं म्हणत मोठा झालेला मुलगा. गॅदरिंगला आम्ही हेच गाणं वाजवणार होतो. माझ्या लॅपटॉपवर गन्स अँड रोझेसचा १९९२ च्या वेम्बलीच्या कार्यक्रमातला व्हिडिओ होता. तो मी इतक्या वेळा बघितला होता की स्लॅश कुठल्या क्षणी मान वर करतो तेसुद्धा मला पाठ होतं. टॅब डाउनलोड करून चार महिने तो सोलो घासला. बोटांना घट्टे पडले. इंजिनियरिंग मेकॅनिक्सचा पेपर गेला, पण सोलो बसला.

अडचण एकच. रूममेट काही अॅक्सल रोझसारखा गाईना. तो आपला शांतपणे, कुणाशी तरी बोलल्यासारखा गायचा. मी प्रत्येक प्रॅक्टिसला ओरडायचो, "अरे ओरिजिनलसारखं गा ना! हे काय अंगाई म्हटल्यासारखं?" शेवटी गॅदरिंगच्या आठ दिवस आधी मी त्याला सांगितलं की मेकॅनिकलचा एक जण गाईल, त्याचा आवाज वर जातो. तो "ठीक आहे" म्हणाला. कार्यक्रमाच्या दिवशी आमचा अॅम्प उचलून स्टेजवर ठेवायलासुद्धा आला. वन्समोअर मिळाला, आम्ही हवेत. त्यानंतर तो आमच्यासमोर कधी गायला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

नोकरी लागल्यावर एकदा कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना, बॉब डिलनचं मूळ गाणं ऐकलं. हो, तोपर्यंत ऐकलंच नव्हतं! ते डिलनचं आहे ही माहिती होती, पण माहिती असणं आणि कानांनी ऐकणं यात फरक असतो. डिलननं ते १९७३ मध्ये सॅम पेकिनपाच्या 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' या सिनेमासाठी केलं. पडद्यावर एक म्हातारा शेरीफ गोळी लागून नदीकाठी मरायला टेकलाय, त्याची बायको थोड्या अंतरावर बसून बघतेय, आणि मागे हे गाणं. जेमतेम अडीच मिनिटांचं. सोलो नाही, आरडाओरडा नाही. मरणाऱ्या माणसाच्या अंगात जेवढा जोर उरला असेल तेवढ्याच जोरात गायलेलं. गन्स अँड रोझेसनं ते १९९० मध्ये 'डेज ऑफ थंडर'च्या साउंडट्रॅकसाठी स्टुडिओत केलं, मग १९९१ च्या 'यूज युअर इल्यूजन २' वर आलं, तेव्हा ते साडेपाच मिनिटांच्या पलीकडे गेलं होतं.

म्हणजे मी ज्याला ओरिजिनल ओरिजिनल म्हणत होतो तीच कॉपी होती (बरं, कॉपी नाही, कव्हर). आणि ज्याला मी अंगाई म्हणून हाकललं तो ओरिजिनलच्या बराच जवळ होता. तोही डिलन न ऐकताच.

आता यावरून "म्हणजे डिलनसारखं गायला हवं होतं" असा निष्कर्ष काढला तर तीच चूक मी दुसऱ्यांदा करीन. बसमधल्या त्या संध्याकाळपासून मला एक छंदच लागलाय. जुन्या रॉक गाण्यांची कव्हर्स शोधायची, मूळ गाण्याशेजारी ठेवायची आणि लागोपाठ ऐकायची. वीकेंडचे कितीतरी तास यात घातलेत. त्यातून जे मत बनलंय ते असं: मूळ गाण्याशी किती जुळतं यावर कव्हरला मार्क देणं ही पद्धतच चुकीची आहे. का, ते बघू.

पहिलं म्हणजे 'मूळ' कशाला म्हणायचं हेच बऱ्याचदा नक्की नसतं. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' घ्या. गिटार शिकणारा प्रत्येक जण पहिल्या सहा महिन्यांत हे वाजवतो, आणि बहुतेकांच्या लेखी ते अॅनिमल्सचं गाणं. अॅनिमल्सचं रेकॉर्डिंग १९६४ चं. पण १९६२ च्या आपल्या पहिल्याच अल्बमवर डिलननं ते गायलं होतं. त्याच्याही आधी १९३३ मध्ये क्लॅरेन्स अॅशलीनं ते रेकॉर्ड केलंय, आणि तेव्हाही ते जुनं लोकगीतच होतं. डिलन ते बाईच्या तोंडचं म्हणून गातो, अॅनिमल्सनी बाप्याच्या तोंडी घातलं. आता सांगा, यातलं ओरिजिनल कुठलं? आमच्या भाषेत सांगायचं तर याची पहिली कमिट कुणाकडेच नाही. सगळ्या ब्रँचेसच आहेत.

'साउंड ऑफ सायलेन्स'ची गोष्ट तर अजून मजेदार. सायमन आणि गारफंकेल यांनी १९६४ मध्ये ते फक्त अकूस्टिक गिटारवर गायलं. अल्बम चालला नाही. १९६५ मध्ये टॉम विल्सन या प्रोड्यूसरनं त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले, तेही या दोघांना न सांगता! जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. आज आपण ज्याला त्या गाण्याचं मूळ रूप समजतो ते बहुतेक वेळा हेच, गाणाऱ्यांच्या गैरहजेरीत घडलेलं. प्रॉडक्शनवर कुणीतरी परस्पर पॅच टाकावा आणि क्लायंटनं त्याचंच कौतुक करावं, तसला प्रकार.

दुसरं म्हणजे हुबेहूब केलेल्या कव्हरचं काय होतं त्याचा प्रयोग होऊन गेलाय. टॉड रंडग्रेन हा प्रचंड हुशार माणूस. त्यानं १९७६ मध्ये 'फेथफुल' नावाचा अल्बम काढला. एका बाजूला स्वतःची गाणी आणि दुसऱ्या बाजूला साठच्या दशकातली सहा गाणी, शक्य तितकी जशीच्या तशी. बीच बॉइजचं 'गुड व्हायब्रेशन्स', बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' वगैरे. ऐकताना तोंडात बोट जातं. काय कारागिरी! पण दुसऱ्यांदा ते गाणं ऐकावंसं वाटलं तर आपण बीटल्सच लावतो. सगळे टेस्ट पास झाले, पण नवीन काहीच डिलिव्हर झालं नाही.

हुबेहूब वाजवण्याला माझा विरोध आहे असं समजू नका. शिकताना दुसरा मार्ग नसतो. तो सोलो मी चार महिने घासला म्हणून आज मला कुठली तार कशी ओढली की ती रडते हे कळतं. तो रियाज होता. मी रियाजाचीच मैफल करून बसलो, आणि दुसऱ्यालाही त्याच मापानं मोजलं. घोळ तिथे झाला.

मग चांगलं कव्हर कसं असतं?

जिमी हेंड्रिक्सचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे उत्तर सगळेच देतात आणि मीही देणार. डिलनचं मूळ गाणं १९६७ अखेरच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' अल्बमवरचं. गिटार, माउथ ऑर्गन, बेस, ड्रम, बस. तीन कॉर्ड गोल गोल फिरत राहतात. दोन माणसं आपसात काहीतरी बोलतायत, दूर काहीतरी येतंय, आणि अडीच मिनिटांत गाणं संपतं. गोष्ट सुरू होतेय असं वाटेपर्यंत पडदा पडतो. हेंड्रिक्सनं काही महिन्यांतच, १९६८ मध्ये, ते आपल्या पद्धतीनं केलं. शब्द जवळजवळ तेच, कॉर्डचं चक्र तेच. पण डिलन ज्या वादळाची नुसती चाहूल देऊन थांबतो, ते हेंड्रिक्स आणून दाखवतो. मधला सोलो नीट ऐका. आधी साधी गिटार, मग स्लाइड, मग वा-वा पेडल, मग कॉर्ड. चार वेगवेगळी माणसं बोलल्यासारखी. चार मिनिटांचं गाणं, आणि संपल्यावर खोलीतली हवा बदललेली असते.

यातला माझा सगळ्यात आवडता भाग पुढचा आहे. १९७० मध्ये हेंड्रिक्स गेला. त्यानंतर डिलन स्वतःच हे गाणं हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवायला लागला, आणि ते गाताना आपण त्याला आदरांजली वाहतोय असं वाटतं, असं त्यानंच सांगितलंय. डिलननं मैफलींमध्ये सर्वांत जास्त वेळा गायलेलं गाणं हेच, दोन हजारांहून जास्त वेळा. बापानं पोराकडून शिकावं तसं. आणि तरीही, हेंड्रिक्स ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा डिलनचं लावा. ते फिकं वाटायला हवं ना? मला ते उलट जास्त भीतीदायक वाटतं. आता माहीत असतं की काय येणार आहे, आणि हा माणूस ते सांगतच नाही! हेंड्रिक्सच्या कव्हरमुळे मला डिलनचं गाणं नीट ऐकू आलं.

दुसरं उदाहरण जो कॉकरचं. 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' हे बीटल्सचं १९६७ चं गाणं. रिंगो स्टारच्या आवाजाचा पल्ला छोटा, तो सांभाळून लेनन-मॅकार्टनीनं त्याच्यासाठी लिहिलेलं. बाकीचे प्रश्न विचारतात, रिंगो उत्तरं देतो. कट्ट्यावरचा एक साधा, बरा माणूस. कॉकरनं १९६८ मध्ये त्याची लय ओढून संथ केली, ताल तीन-तीनच्या झोक्यावर नेला, मागे ऑर्गन आणि बायकांचा कोरस घातला, आणि स्वतः घसा फाडून गायला. ब्रिटनमध्ये पहिला नंबर. १९६९ च्या वूडस्टॉकचा व्हिडिओ बघा, माणूस अंगात आल्यासारखा हात वेडेवाकडे करत गातोय. रिंगोला मित्र असले तर बरं. कॉकरला मित्र नसतील तर तो आज रात्री जगणार नाही असं वाटतं. शब्द तेच हो! त्या शब्दांत एवढं एकटेपण भरलेलं होतं हे बीटल्स ऐकताना मला एकदाही जाणवलं नव्हतं.

तिसरं, 'हर्ट'. हे क्लासिक रॉकमध्ये बसतं का यावर वाद घालता येईल, पण याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरनं ते १९९४ मध्ये काढलं तेव्हा तो विशीच्या शेवटी होता, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. मूळ गाणं दबलेलं, खरखरतं, शेवटी गिटारचा कर्कश स्फोट. स्वतःवरच चिडलेल्या तरुणाचं गाणं. २००२ मध्ये जॉनी कॅशनं सत्तरीत ते गायलं. त्यानं एक शिवी काढून त्या जागी ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटाची आठवण घातली, बाकी काही बदललं नाही. पण आवाज थकलेला, थरथरणारा. तरुणाच्या तोंडी जी धमकी वाटत होती ती म्हाताऱ्याच्या तोंडी जमाखर्च वाटायला लागते. मे २००३ मध्ये त्याची बायको जून गेली आणि सप्टेंबरमध्ये तो. खुद्द रेझ्नरनं नंतर कबूल केलं की हे गाणं आता आपलं उरलेलं नाही.

या तिघांकडे बघून "म्हणजे जेवढा बदल जास्त तेवढं कव्हर चांगलं" असं सूत्र मांडायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण ते टिकत नाही.

'साउंड ऑफ सायलेन्स'कडेच परत जाऊ. डिस्टर्ब्ड या मेटल बँडनं २०१५ मध्ये त्याचं कव्हर केलं. सुरुवात पियानोवर, हळू, आणि मग वाढत वाढत शेवटी गर्जना. प्रचंड गाजलं. खुद्द पॉल सायमननं कौतुक केलं. मला नाही आवडलं. (आता पॉल सायमनपेक्षा तुला जास्त कळतं का? नाही. तरी नाही आवडलं.) गायकाचा आवाज जबरदस्त आहे, प्रश्न तो नाही. ते गाणं आहे माणसं एकमेकांशी न बोलण्याबद्दल, साचलेल्या शांततेबद्दल. ती शांतता गारफंकेलच्या सरळ, थंड आवाजात अंगावर येते. तीच ओरडून सांगितली की ती शांतता राहत नाही. बदल भरपूर झाला, पण गाण्याच्या अर्थाच्या उलट दिशेनं. तसंच ते सिनेमांच्या ट्रेलरमधलं फॅड. कुठलंही जुनं जोरकस गाणं घ्यायचं, लय निम्मी करायची, पियानोची दोन बोटं आणि कानात कुजबुजणारी मुलगी. झालं कव्हर! तो नुसता टेम्प्लेट आहे, गाण्याचं नाव फक्त बदलतं.

आणि याच्या उलट, फारसं न बदलताही कव्हर काळजाला भिडू शकतं. डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टनला केनेडी सेंटरच्या सन्मान सोहळ्यात हार्ट बँडच्या अॅन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींनी 'स्टेअरवे टू हेवन' गायलं. समोर बाल्कनीत लेड झेपेलिनचे तिघं बसलेले. चौथा, ड्रमर जॉन बोनहॅम, १९८० मध्येच गेला. त्याच्या जागी ड्रमवर त्याचा मुलगा जेसन. मांडणी जवळजवळ मूळचीच, शेवटी मोठा कोरस, डोक्यावर बोनहॅमसारख्या गोल हॅट घातलेला. कॅमेरा रॉबर्ट प्लांटवर जातो तेव्हा त्याचे डोळे भरलेले असतात. एवढी वर्षं जगभरच्या पोरांनी गिटारच्या दुकानांत या गाण्याचा भुगा केला, आणि त्या रात्री ते पुन्हा जिवंत झालं. कारण त्या माणसांना त्या जागी ते गाणं गाण्याची गरज होती.

मला वाटतं खरी कसोटी ही आहे. किती बदललं हे गौण. गाणाऱ्याला हे गाणं का गायचंय, हे मला ऐकताना कळतंय का?

गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. एकच बंदिश दहा गवई गातात, आपण कधी म्हणतो का की त्यांनी कव्हर केलं? 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकात तर 'घेई छंद' हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत आहे, आणि २०१५ च्या सिनेमातही ते तसंच दोनदा येतं. प्रेक्षक दोन्हींना टाळ्या देतात. यातलं ओरिजिनल कुठलं, असं माझ्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं असतं. हे सगळं ऐकत वाढलेला मी, हातात इलेक्ट्रिक गिटार आली आणि एकदम झेरॉक्सवाला झालो!

असो. गच्चीवर परत येतो.

रूममेट पाण्याची बाटली घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "तू गा. मी नुसते कॉर्ड वाजवतो."

"ओरिजिनलसारखं नाही जमणार हां," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण इतक्या वर्षांनंतर शब्द नेमके तेच.

"तेव्हा गाढवपणा केला रे मी," एवढंच मला बोलता आलं. त्यानं खांदे उडवले. मग विचारलं, "दोन पट्टी खाली घेशील का?"

घेतलं. जी, डी, ए मायनरच्या जागी एफ, सी, जी मायनर. बोटांना त्रास झाला, पण त्याच्या गळ्याला झाला नाही. तो डिलनसारखा गायला नाही आणि अॅक्सलसारखा तर नाहीच. दुसरं कडवं विसरला, तिथे नुसता गुणगुणत राहिला, भजनात दोन ओळींमध्ये सूर धरून ठेवतात तसा. खालच्या रस्त्यावरून पीएमपीची बस गेली. गप्पा कधी थांबल्या कळलं नाही. सोलोची जागा आली, माझी बोटं सवयीनं वर सरकायला लागली, ती मी धरून ठेवली आणि कॉर्डच वाजवत राहिलो.

गाणं संपल्यावर तो माझ्याकडे वळला. "सोलो का नाही वाजवलास? चार महिने घासला होतास ना?"

मग वाजवला. तिसऱ्या ओळीतच अडकलो.